अस्वलाच्या पंजाखाली

आमच्या सईची उंची ११२ सेंटीमीटर आहे. आकडा पाठ झालाय, कारण गेल्या रविवारी तो सात ठिकाणी सात जणांनी मोजला आणि सातही वेळा तेवढाच भरला. सई म्हणजे माझ्या भावाची मुलगी, वय साडेपाच. घरातल्या सगळ्या कपाटांवरून उड्या मारून झाल्या, सोसायटीच्या घसरगुंडीवरून उलटं, पोटावर आणि डोळे मिटून घसरून झालं, तेव्हा तिला आता ‘मोठ्या पार्कात’ न्यायचं असं ठरलं. ठरवलं तिनंच. आमच्याकडे फक्त गाडी आणि पैसे एवढंच खातं होतं.

तयारीही तिचीच. भर उन्हाळ्यात पायात मोज्यांचे दोन जोड आणि डोक्यावर, अगदी टाळूच्या मधोमध, उभं नारळाचं झाड. वहिनी म्हणाली, “कित्ती गोड दिसतंय माझं बाळ!” बाळ आरशात स्वतःला बाजूनं निरखत होतं. त्यातला डाव आम्हाला दोन तासांनी कळला.

फाटकावर पिशव्या तपासल्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जप्त. आत खायला मिळतं म्हणे. मिळतं. त्या दरपत्रकावर मी आत्ता लिहिणार नाही, रक्तदाब राखून ठेवायचाय. पुढे तो कामाला येणार आहे.

पहिल्याच मोठ्या राइडपाशी लाकडी अस्वल उभं होतं. एक पंजा कमरेवर, दुसरा आडवा धरलेला. डोकं या पंजाला लागलं तरच आत. पंजा १२५ सेंटीमीटरवर. सई त्याच्याखाली गेली, श्वास आत घेतला, मान ताणली आणि नारळाचं झाड बरोब्बर पंजाला टेकलं. आम्ही तिघं गार. तिथला टी-शर्टवाला पोरगा मात्र मुरलेला होता. त्यानं तळहात ठेवून झाड हळूच दाबलं. ते बसलं. मग तो तिच्या बुटांकडे बघून म्हणाला, “मोजे किती घातलेत?”

“केस माझेच आहेत,” सई म्हणाली. मोज्यांबद्दल ती काही बोलली नाही.

मुद्दा बिनतोड होता, पण पोरगा बधेना. सीटवरचा दांडा मांडीवर घट्ट बसला पाहिजे, वरून येणारं जोखड खांद्यावरच टेकलं पाहिजे, अंग लहान पडलं तर ते खालून निसटू शकतं, असं त्यानं तिच्यासमोर उकिडवं बसून नीट समजावलं. मला पटलं. मला तर इतकं पटलं की मी सईचा हात धरून निघालेसुद्धा.

आमच्या वेळी जत्रेत असली अस्वलं नव्हती. आकाशपाळणा, टोराटोरा आणि ज्याला कोलंबस का म्हणतात हे कोलंबसालाही सांगता आलं नसतं असं ते झुलणारं जहाज. पाळणेवाला विडी तोंडातून न काढता “घट्ट धर गं” म्हणायचा. सुरक्षाव्यवस्था म्हणतात ती एवढीच. त्या जमान्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांना मी एकदा त्या पाळण्याचे नटबोल्ट दाखवीन. अस्वल बरं.

पण साडेपाच वर्षांच्या माणसाला हे कसं सांगणार? सई मुकाट्यानं लहान मुलांच्या विभागात आली. तिथं हसरा हिरवा सुरवंट रुळावरून गोल फिरत होता. ती चढली. हाताची घडी घातली. शेजारचं दोन वर्षांचं पोर किंचाळत होतं, त्याच्याकडे ती सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कच्या नजरेनं बघत होती. तीन फेऱ्या झाल्यावर उतरली आणि म्हणाली, “बाबांची स्कूटर जोरात जाते.”

आता गंमत अशी की अमेरिकेतला पहिला गाजलेला रोलर कोस्टर याच वेगाचा होता. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्प्सननं तो उभारला. वेग तासाला जेमतेम १० किलोमीटर, तिकीट पाच सेंट, आणि मोठी माणसं त्यासाठी रांगा लावत होती. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातला थरार आज हिरवा रंग देऊन, डोळे काढून, डायपरवाल्यांसाठी ठेवलाय.

हे धाडस सईत आलं कुठून, यावर सुरवंटापाशीच आमच्या घरातला जुना वाद निघाला. वहिनीच्या मते हे आत्याचे गुण. आमच्या आईच्या मते “आमच्याकडे कुणी असं नव्हतं हो,” म्हणजे ते वहिनीच्या माहेरचं. या खेळाचंही असंच आहे. मूळ रशियातलं: हिवाळ्यात उंच लाकडी उतारावर बर्फ गोठवायचा आणि त्यावरून घसरत सुटायचं. म्हणून फ्रेंच लोक रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. आणि खुद्द रशियन लोक? ते म्हणतात ‘अमेरिकन टेकड्या’. कार्टं आमचं नव्हेच.

तेवढ्यात कार्ट्याचं ठरलं होतं. “मग तुमच्यापैकी कुणीतरी जा. आणि मला सगळं सांगा.”

परत अस्वलापाशी. शेजारी फलक होता, कुणी बसू नये त्याचा. इतक्या आस्थेनं मी बोर्डाचा निकालही कधी वाचला नव्हता. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचे विकार, मानेचे विकार. दादानं पहिली झडप घातली: “पाठ.” हाच दादा गेल्या महिन्यात फ्रिज एकट्यानं सरकवल्याचं सगळ्यांना सांगत फिरत होता. वहिनीनं रक्तदाब घेतला. आठच दिवसांपूर्वी ‘एकशेवीस-ऐंशी, कॉलेजातल्या पोरीसारखा’ असं तिनं घरच्या ग्रुपवर टाकलेलं. (दरपत्रक वाचून वाढला असेल, हे मी मान्य करते.) माझ्या वाट्याला मान उरली.

“सई, माझ्या मानेला ना...”

“आता मान नाही दुखत,” सई म्हणाली. “आधी लूप गोल होता. आता थेंबासारखा असतो. व्हिडिओत दाखवलंय.”

पोरगी चूक असती तर किती बरं झालं असतं. १८९५ मध्ये कोनी आयलंडलाच एक उलटा फिरवणारा कोस्टर होता, त्याचा फास अगदी गोल. गोलात शिरतानाच असा हिसका बसायचा की लोक मान धरून उतरायचे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा फास आला, खाली ऐसपैस, वर आवळलेला. त्याची आखणी वेर्नर श्टेंगेल नावाच्या जर्मन अभियंत्याची. त्यानं हिसका ओसरला. जगभरच्या मानांची सोय झाली आणि माझी एकटीची गैरसोय.

माझी उंची १६२ सेंटीमीटर. अस्वलानं मला अडवलं नाही. ते फक्त उंची बघतं.

जोखड खाली आलं. खटका बसला. शेजारी कॉलेजातला एक मुलगा, पायातल्या चपला काढून मोकळा. गाडी चढणीला लागली आणि कटकटकट असा आवाज सुरू झाला. त्याबद्दलही सईनं सूचना देऊन ठेवली होती: “तो आवाज आला तर घाबरू नकोस. गाडी मागं घसरू नये म्हणून दाते असतात.” या गाडीला इंजिन नसतं. एक साखळी तिला टोकावर नेऊन सोडते, पुढचं पृथ्वी बघून घेते. टोकावरून सगळं स्वच्छ दिसलं. पार्किंग, आमची गाडी, दशम्या अडकल्या ते फाटक, आणि खाली कठड्याला लोंबकळणारं एक नारळाचं झाड.

मग पृथ्वीनं बघितलं.

मी “आई गं!” एवढंच म्हणाले असेन अशी माझी समजूत होती. उतरताना तो मुलगा आदरानं म्हणाला, “काकू, शिव्या भारी देता तुम्ही.”

पाय जमिनीवर आले तरी जमीन फिरत होती. कानातल्या त्या तीन अर्धगोल नळ्यांमधलं पाणी, शरीर थांबलं तरी लगेच थांबत नाही. सईनं मला बाकावर बसवलं. पाणी दिलं. मग मुलाखत सुरू.

“पोटात कसं झालं? लिफ्टसारखं की झोक्यासारखं?”

“विहिरीत बादली सुटल्यासारखं.”

सईनं विहीर बघितलेली नाही. तरी तिनं क्षणभर डोळे मिटले, बादली सोडली, आणि अंगावर काटा आणून म्हणाली, “मस्त!”

बाहेर पडायच्या वाटेवर फोटोचं दुकान. उतारावर असताना कॅमेरा टिपतो. मी: डोळे गच्च मिटलेले, तोंड असं उघडं की मागच्या दाढेतली चांदी मोजता यावी. मी तो बघून न बघितल्यासारखं केलं. सईनं नाही केलं. चौकटीसकट घ्यायला लावला. आता तो दादाच्या दिवाणखान्यात, आजोबांच्या फोटोशेजारी. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाआधी तो दाखवते.

परतीच्या वाटेवर मी मोबाइलवर बघितलं. या वयाची मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. हवेत तेरा. म्हणजे दोन वर्षं आणि वर थोडे महिने. तोवर एखादा विकार रीतसर जडवून घेता येईल, कागदपत्रांसह. कारण तेव्हा ती शेजारच्या सीटवर असेल आणि शिव्या तिलाही ऐकू येतील.

काल दादाकडे गेले होते. स्वयंपाकघराच्या चौकटीवर ११२ला पेन्सिलीची रेघ, आणि वर तेरा सेंटीमीटर अंतरावर लाल खडूनं काढलेला अस्वलाचा पंजा. वहिनी खूश. पोरगी हल्ली न सांगता दोन-दोन पेले दूध पिते. दुसरा पेला ओट्यावर झाकून ठेवलेला होता. सई हात धुवायला गेली होती आणि शेजारच्यांचं मांजर खिडकीत बसलं होतं.

मी काही केलं नाही. फक्त पेल्यावरची ताटली काढून जागेवर ठेवली.