ओढायचं कुठे धरून?

आमच्या डोंबिवलीत हल्ली डोंगर चढणाऱ्या गाड्या फार झाल्या आहेत. डोंगर मात्र होते तेवढेच आहेत. २०२० च्या गांधी जयंतीला नवी थार बाजारात आली, आणि बघता बघता सोसायट्यांच्या खांबाखांबांमध्ये, जिथून स्कूटर काढतानाही पोट आत घ्यावं लागतं, तिथे ही रुंद खांद्यांची जनावरं येऊन उभी राहिली. त्यांच्या आयुष्यातला सर्वांत बिकट चढ म्हणजे फाटकापाशी बसवलेला गतिरोधक, आणि सर्वांत दीर्घ मोहीम म्हणजे शुक्रवार संध्याकाळचा कल्याण-शीळ रस्ता.

मला मोह पडतो तो त्यांच्या बंपरखालच्या हुकांचा. लालभडक, मनगटाएवढे जाड. हौशी मालक त्यांत वर एक शॅकल, म्हणजे भक्कम लोखंडी कडीही अडकवतात, आणि तिच्या अंगावर ‘४.७५ टन’ असं ठसठशीत उमटवलेलं असतं. अशाच एका शॅकलला मी रोज सकाळी एक लिंबू आणि सात मिरच्या लोंबकळताना पाहतो. दसऱ्याला झेंडूच्या माळेची भर पडते, आणि कामाचा ताण वाढतो तो तेवढाच. इतक्या मोठ्या अधिकारावर इतकं हलकं काम फार थोड्यांच्या नशिबी येतं.

खरं पाहता हुक म्हणजे गाडीतला एकमेव विनयशील अवयव. बाकी सगळं यंत्र ‘मी जाईन, मी चढेन’ म्हणत असतं. हुक तेवढा म्हणतो, कधीतरी अडकेन, तेव्हा कुणीतरी या. साध्या मोटारींना ही कबुली चारचौघांत द्यायला लाज वाटते. म्हणून त्यांच्या बंपरवर एक इवलीशी झाकणी असते, तिच्यामागे आटे, आणि त्यात फिरवून बसवायची कडी असते ती डिकीत, जॅक आणि पान्याच्या शेजारी, अज्ञातवासात. काही गाड्यांत तर तिचे आटेही उलटे. घाईघाईने मदत मागणाऱ्याला ती आधी थोडं थांबायला लावते.

पण दिसली कडी की बांध दोर, असंही चालत नाही. गाडीच्या पोटाखालच्या काही कड्या जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी जखडून ठेवण्यापुरत्याच असतात. चिखलातून ओढण्याचा जोर त्यांना पेलत नाही. मागे ट्रेलर जोडायचा जो चकचकीत लोखंडी गोळा असतो, तो तर सर्वांत फसवा. हिसक्याने तो मानेतून तुटतो आणि तोफेतून सुटल्यासारखा जातो. त्यापायी माणसं दगावली आहेत. बाजारात दुहेरी टेपने चिकटवायचे प्लॅस्टिकचे लाल हुकही मिळतात. ते निदान प्रामाणिक तरी, त्यांच्यावर कुणी विसंबत नाही. खरी जागा एकच: चासीला बोल्टांनी घट्ट धरलेली. आणि दोर नायलॉनचा, जो आधी आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ताणला जातो, रुतलेल्याचं दुःख जणू स्वतःत साठवून घेतो, आणि मगच हळूहळू ओढू लागतो. साखळीला एवढा धीर नसतो.

पावसाळ्यात मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवर, धबधबा पाहायला म्हणून रस्त्याच्या कडेला घेतलेली गाडी भातखाचराच्या अंगाला रुतते. ट्रॅक्टरवाला येतो. तो गाडीची किंमत विचारत नाही, किती जणांना तिने ओव्हरटेक केलं तेही नाही. “हुक कुठंय?” एवढंच विचारतो. मग अख्खं कुटुंब गाडीला प्रदक्षिणा घालतं, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघतं. २०२४ सरता सरता रेवदंड्याच्या वाळूत तर एक फेरारी रुतली होती. अंगावर उधळलेल्या घोड्याचं चिन्ह, आणि ओढायला बैलगाडी.

कल्याणकरांना असं दुसऱ्याच्या जोरावर पुढे जाण्याचं अप्रूप नसावं. नाशिककडे निघालं की कसाऱ्याला लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात. दर ३७ फुटांना एक फूट असा तो थळ घाटाचा चढ. ‘बँकर’ मागून रेटतात आणि इगतपुरीला निरोप घेतात. अख्ख्या गाडीत कुणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. उलट, तेवढ्यात वडापाव मिळेल का, हीच चिंता.

माणसांच्या बाबतीत मात्र हुक शोधणं कठीण जातं. आमच्या इमारतीतले एक काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्या आणि ते घरातल्या घरात रुतले. आम्ही सगळ्यांनी आपापले दोर टाकले. कुणी हास्यक्लब सुचवला, कुणी नर्मदा परिक्रमा, कुणी रोज डबा पाठवला. सगळे नेमके बंपरलाच बांधत होतो. काका “हो हो, बघू” म्हणायचे आणि दार हळूच लोटून घ्यायचे; त्या लोटण्यातही सभ्यता अशी की रागावताही येऊ नये.

मग एका जुलैत वरच्या मजल्यावरची, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. “काका, ते रिटर्न भरायचंय. मला काहीच कळत नाहीये हो.”

काकांनी चष्मा लावला. “फॉर्म सोळा आणलायस? नाही? मग आलीस कशाला? जा, घेऊन ये. आणि येताना पेन आण. पेन्सिल नको.”

आता दर जुलैत त्यांच्या दाराबाहेर चपलांची रांग लागते. त्यातल्या निम्म्या लोकांचं रिटर्न आधीच भरून झालेलं असतं, आणि काकांना ते ठाऊक असतं. तरी ते प्रत्येकाला फॉर्म सोळा मागतात.