रा. रा. लौथ बिशपसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. रॉबर्ट लौथ, माजी बिशप, लंडन यांस,
स. न. वि. वि.

आपण १७६२ साली इंग्रजी व्याकरणाचं छोटेखानी पुस्तक लिहून आम्हा परक्या विद्यार्थ्यांवर जे उपकार केलेत, ते या जन्मी फिटणं कठीण आहे.

इंग्रजीच्या क्लासला जाणारा माणूस आधी विचारतो, मोटारीत बसलो तर 'इन द कार', मग बसमध्ये बसलो तर 'ऑन द बस' का? (आमच्या समजुतीने 'ऑन' म्हणजे टपावर.) सर म्हणतात, तसंच म्हणतात. लग्न 'विथ' का नाही, 'टू' का? सर म्हणतात, पाठ करा.

तिसरा प्रश्न मात्र थेट आपल्या खात्यातला. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन चालतं का? इथे सरांचं उत्तर तयार असतं: मुळीच नाही! मग आमचा विद्यार्थी 'व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?' खोडून 'अ‍ॅट व्हॉट आर यू लुकिंग?' लिहितो. लंडनच्या रस्त्यावर असं विचारलं, तर लोक त्याच्याकडेच बघत राहतील.

या सोवळ्याचा मान खरं तर आपल्याआधी कवी ड्रायडन यांचा. १६७२ मध्ये त्यांनी यावरून नाटककार बेन जॉन्सनला टोचलं. जॉन्सन वारून पस्तीस वर्षं झाली होती, त्यामुळे वाद वाढला नाही. पुढे ड्रायडननी स्वतःच्या जुन्या निबंधातली तसली वाक्यंही धुऊन घेतली.

आपण इतके कर्मठ नव्हतात. बोलण्यात चालतं, भारदस्त लेखनात टाळलेलं बरं, एवढंच आपलं म्हणणं. शिवाय इंग्रजीचा ओढा या लकबीकडे आहे, हे सांगताना आपण स्वतःच 'टू'वर येऊन थांबलात! मिस्कीलपणा असावा. १७९५ मध्ये लिंडली मरे यांनी स्वतःच्या व्याकरणात हेच विधान घेतलं आणि घेताना ते 'टू' पुढे ओढून जागेवर बसवलं. विनोद गेला, नियम उरला, आणि मरेंचं पुस्तक शाळाशाळांतून खपलं.

१९२६ मध्ये इंग्रजीचे जाणकार फाउलर यांनी या नियमाला अंधश्रद्धा ठरवलं. ही खबर आमच्या पेपर तपासनिसांना अजून लागलेली नाही. तरी आपल्या सहीशिक्क्याने एक परिपत्रक काढावं आणि या कारणासाठी कापलेला प्रत्येक अर्धा मार्क परत करण्याचा हुकूम द्यावा, पूर्वलक्षी प्रभावाने.

आपला नम्र,
एक परीक्षार्थी