हेल सर

सदाशिव पेठेत एक अभ्यासिका, एक मेस आणि एक झेरॉक्सचं दुकान यांच्या बेचक्यात हेल सरांचा क्लास आहे. खरं आडनाव फक्त पावतीवर. अधिकारी व्हायला निघालेल्या पोरांना ते मुलाखतीचं इंग्रजी शिकवतात आणि त्यांचा सगळा जीव एका क्रियापदात. कुणी 'आय ॲम फ्रॉम लातूर' म्हणालं, की सरांच्या तोंडाची चव जाते.

"फ्रॉम? तू काय पार्सल आहेस? 'आय हेल फ्रॉम लातूर' म्हण. पॅनेल सावरून बसतं!"

साधं 'आय ॲम फ्रॉम' अगदी शुद्ध आहे आणि खुद्द इंग्रज गप्पा मारताना तेच म्हणतो, हे सरांना सांगायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

व्याकरणाला मात्र माणूस पक्का. 'आय ॲम हेलिंग फ्रॉम बीड' म्हणणाऱ्याची ते सर्वांदेखत हजेरी घेतात. "मूळ गाव काय सध्या चालू आहे, संध्याकाळी बंद होणार? साधा वर्तमानकाळ लाव!" कालच्या एसटीनं नगरहून आलो, हे सांगायलाही 'हेल' चालत नाही. मुक्काम वेगळा, मूळ वेगळं.

मग सर जहाजावर चढतात. भर समुद्रात दोन जहाजं जवळ आली, की एकावरून कर्ण्यातून आरोळी जायची, कुठलं जहाज? पलीकडून बंदराचं नाव यायचं. ती आरोळी म्हणजे 'हेल', आणि ज्या बंदराचं नाव सांगायचं तिथून जहाज 'हेल' करतं. आरोळी मारायची सोय नसेल तर जहाजाच्या पाठीवर बंदराचं नाव रंगवलेलं असतंच. हे सांगताना सरांचा हात कपाळावर आडवा जातो, नजर क्षितिजाकडे, म्हणजे मेसच्या भिंतीकडे. आयुष्यात त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे कृष्णेचा पूर. पण ते कशाला काढायचं! कारण सर स्वतः 'हेल' करतात पुण्याहून. विचारा कधीही.

आता जिन्याखाली लावलेल्या त्यांच्या स्कूटरच्या पाठीवर 'एमएच १०' रंगवलंय, म्हणजे सांगली. पोरं ते रोज वाचतात आणि गप्प बसतात. फी भरलेली असते.

सरांचा दुसरा कटाक्ष असा, की गावाकडचा हेल काढून बोलायचं नाही. "मुलाखतीत हेल अजिबात नको, काय? सपाट बोलायचं की वो!" त्या 'की वो'ला जो झोका असतो, तो शनिवारवाड्याच्या आसपास मिळत नाही.

मार्चमधल्या एका दुपारी ऐन तासात सरांचा फोन वाजला. तासगावहून भाऊ.

"काय म्हणतोस? गारा? किती मोठ्या रं? आन् घड? समदं झोडपलं व्हय? आई कुठाय? दे, दे तिला... व्हय की गं, जेवलो की!"

फोन ठेवला. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरच्या लातूरकरानं हात वर केला, "सर, इट हेल्ड इन तासगाव?"

सर क्षणभर गोंधळले. मग खडू उचलला.

"बरोबर आहे. पण हा हेल निराळ्या घराण्यातला, त्याला 'फ्रॉम' लागत नाही. लिहून घ्या. आन् द्राक्षाच्या विम्याचा फॉर्म भरता येतो का रं कुणाला?"