आधी पाठ, मग नायगारा

जुन्या अमेरिकेची स्टिरिओकार्डं जमवणारा माणूस स्वप्नाळू असतो, गतकाळात रमलेला असतो, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. स्वप्नाळू माणसाच्या हाती १८६५ सालचं नायगाऱ्याचं कार्ड दिलं, तर तो धबधबा बघेल. हा गृहस्थ कार्ड हातात पडताच आधी उलटं करतो. चित्राला बोट लागू न देता, दोन्ही कडा धरून, तो कार्डाची पाठ वाचतो: दुकानाचा छापील पत्ता, मालिकेचा क्रमांक, पेन्सिलीने टाकलेली कुणाची तरी तारीख. मग कोपरे चौकोनी आहेत की गोल, पुठ्ठा पिवळा आहे की नारिंगी, सपाट आहे की वाकवलेला, हे सगळं रीतसर पाहून होतं. नायगारा तोवर ताटकळत असतो. माझं म्हणणं असं, की हा माणूस मुळात रसिक नाहीच, तो कारकून आहे. आणि त्याच्याविषयी थोडाफार आदर बाळगायचाच असेल, तर तो नेमका या कारकुनीसाठी बाळगावा.

ज्या वस्तूपायी ही कारकुनी चालते, ती तशी साधीच. सुमारे सात इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच पुठ्ठा, त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो. दोन्ही सारखेच दिसतात, पण माणसाच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर असतं साधारण तेवढंच अंतर ठेवून घेतलेले. डाव्या डोळ्याला डावा आणि उजव्याला उजवा दाखवला, की मेंदू दोहोंची बेरीज करतो आणि चपट्या कागदात खोली उभी राहते. व्ह्यू-मास्टरमध्ये डोळे घातलेल्या कुणालाही ही गंमत नव्याने सांगायला नको. इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये हे तत्त्व मांडलं, पण अमेरिकेच्या दिवाणखान्यात ते नेलं बोस्टनच्या डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. १८६१ च्या सुमारास त्यांनी हातात धरायचं सुटसुटीत यंत्र बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. मग काय, ज्याला सुतारकाम येत होतं त्याने ते बनवलं. पुढे अंडरवुड अँड अंडरवुड कंपनी कॉलेजच्या पोरांना सुट्टीत दारोदार पाठवून कार्डं खपवू लागली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर तिच्या कारखान्यातून दिवसाला पंचवीस हजार कार्डं बाहेर पडत होती. संच ठेवायच्या पेट्या जाडजूड ग्रंथांसारख्या दिसत. एकही पुस्तक न वाचता घर विद्वानाचं वाटावं, अशी ही सोय होती.

तेव्हा ही वस्तू दुर्मिळ वगैरे नाही. बहुतेक कार्डं आजही मोजक्या डॉलरांत जुन्या बाजारात खोक्यांतून मिळतात, आणि हे त्या गृहस्थाइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. म्हणूनच तो खोक्यापुढे खुर्ची ओढून बसतो आणि एकेक कार्ड पुढे सरकवत जातो. यंत्र त्याच्याजवळ असतं, पण तो ते काढत नाही. नजर कार्डाच्या पलीकडे कुठेतरी शून्यात लावून, नुसत्या डोळ्यांनी दोन चित्रांचं एक करायची विद्या त्याने कमावलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला आत्ताच काही वाईट बातमी कळली असावी. प्रत्यक्षात तो ब्रॉडवेवरच्या घोड्यांच्या बसगाड्या मोजत असतो. न्यूयॉर्कच्या अँथनी बंधूंनी १८५९ पासून 'क्षणचित्रं' म्हणून रस्त्यांची कार्डं काढली. त्याआधी फोटोला इतका वेळ लागे की गजबजलेला रस्ताही ओस दिसायचा, कारण चालणारी माणसं उमटतच नसत. शिवाय एकाच भिंगाच्या कॅमेऱ्याने आधी डावा आणि मग उजवा फोटो घेतला असेल, तर मधल्या वेळात रस्त्यावर काय काय घडून जातं. एखादा कुत्रा फक्त डाव्या चित्रात सापडला, तर आपला गृहस्थ त्या दिवशी जेवणावर नीट लक्ष देत नाही. कुत्रा गेला कुठे, हा त्याचा प्रश्न नसतो. दोन फोटोंत किती वेळ गेला, हा असतो.

आणि त्याची कारकुनी अस्सल आहे, याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कार्यक्षेत्राविषयीचा त्याचा काटेकोरपणा. याच अंडरवुड कंपनीने जेम्स रिकल्टन या छायाचित्रकाराकडून हिंदुस्थानचा शंभर कार्डांचा संच करवून घेतला होता. त्यात आपली मुंबईही आहे. तुम्हाआम्हाला वाटेल, असा संच हाती लागला तर माणूस हरखून जाईल. पण ज्याने न्यू हॅम्पशायरचे डोंगर हा विषय घेतलाय, तो मुंबईच काय, शेजारच्या व्हरमाँटकडेही ढुंकून बघत नाही. हे आमच्या टेबलाचं काम नव्हे, असा भाव चेहऱ्यावर आणून तो खोकं पुढे सरकवतो. एवढी शिस्त रसिकाला परवडत नाही.

आता कुणी विचारेल, या किरकिऱ्या तपासणीतून निष्पन्न काय होतं? निष्पन्न होतं ते हे, की चित्र खोटं बोलू लागलं तर पकडलं जातं. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकन सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत विकल्या जाणाऱ्या फोटोंवर कर बसवला. फोटोच्या पाठीवर रेव्हेन्यू स्टँप लावायचा आणि विक्रेत्याने त्यावर आद्याक्षरं, तारीख टाकून तो रद्द करायचा. कार्डाच्या पाठीवर असा स्टँप दिसला की संग्राहकाचा चेहरा उजळतो. पण लगेच तो स्वतःलाच बजावतो, की यावरून कार्ड कधी विकलं ते कळतं, फोटो कधी काढला ते नाही. मग तो चित्राकडे वळतो. वॉशिंग्टन शहराच्या कार्डात तिथलं प्रसिद्ध वॉशिंग्टन स्मारक दिसतंय का? १८५४ मध्ये पैसे संपले आणि दीडशे फुटांच्या आसपास त्याचं काम अडलं. पुन्हा सुरू झालं ते १८७९ मध्ये, आणि १८८४ च्या अखेरीस ते साडेपाचशे फुटांवर गेलं. एवढी वर्षं तो थोटा खांब राजधानीत नुसता उभा होता. राजधानीची अब्रू गेली, पण कार्डांच्या तारखा लावणाऱ्यांची सोय झाली. स्वातंत्र्यदेवीचंही तेच. तिचा मशाल धरलेला हात तेवढा आधी अमेरिकेत आला, १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जमिनीवर ठेवला गेला आणि नंतर १८८२ पर्यंत न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात होता. बाकीची देवी १८८६ मध्ये उभी राहिली. कार्डात नुसता हात असेल, तर सामान्य माणसाला तो विनोद वाटतो, याला ती नोंद वाटते.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. होम्स यांनी १८५९ मध्ये एका निबंधात मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, की एखाद्या वस्तूच्या चांगल्या निगेटिव्ह घेतल्या की आपलं काम झालं. मग ती वस्तू खुशाल पाडा नाहीतर जाळा. अमेरिकन शहरांनी हा सल्ला जरा जास्तच मनावर घेतला. १८७१ मध्ये शिकागो जळालं, १९०६ मध्ये भूकंपापाठोपाठ सॅन फ्रान्सिस्को जळालं. फक्त आगीत वस्तूबरोबर निगेटिव्हही गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोचाच छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स घ्या. त्याने १८६१ पासून योसेमिटीच्या खोऱ्याची जी चित्रं घेतली, ती १८६४ मध्ये ते खोरं कायद्याने राखलं जाण्याला उपयोगी पडली असं मानतात. हा माणूस १८७५ च्या सुमारास कर्जात बुडाला, त्याच्या निगेटिव्ह गेल्या आणि टेबर नावाचा दुसरा छायाचित्रकार त्या स्वतःच्या नावाने छापून विकू लागला. वॉटकिन्सने पुन्हा तेच डोंगर चढून 'नवी मालिका' काढली. १९०६ च्या आगीत त्याचं स्टुडिओतलं भांडार भस्म झालं. उरलं काय, तर वॉटकिन्सची जुनी मालिका, नवी मालिका आणि टेबरचं नाव लागलेली पहिलीच चित्रं, असा माळ्यामाळ्यांवर विखुरलेला गोंधळ. तो निस्तरायला कवी उपयोगी नाही. पुठ्ठ्याचा रंग आणि छापील पत्ता जुळवत बसणारा माणूसच लागतो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून कागद गोळा केले, तेव्हा लोकांनी त्यांनाही विक्षिप्तच म्हटलं होतं.

यावर नव्या पिढीचा आक्षेप तयार असतो: आता हे सगळं ऑनलाइन आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं, मग घरात खोकी कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धंच. ऑनलाइन गेलेल्या चित्राखाली जी ओळ असते, ती आकाशातून पडत नाही. कुणीतरी पाठ वाचलेली असते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतला या कार्डांचा सुमारे ७२ हजारांचा विख्यात संग्रह रॉबर्ट डेनिस या एका संग्राहकाच्या नावाने ओळखला जातो. शिवाय जुने चिकटवणारे कामगारही माणसंच होती. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवरून छापताना डावं-उजवं बदलून चिकटवावं लागतं. कुणी ते विसरलं की खोली उलटी होते. जवळचं लांब जातं, लांबचं नाकाशी येतं, डोंगराची विहीर होते. संगणकावर चपटं चित्र बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. आपला गृहस्थ मात्र पडद्यासमोरही शून्यात नजर लावतो आणि चूक काढून ग्रंथालयाला नम्र पत्र पाठवतो. आठवड्याने आठवण करून देणारं दुसरं पत्र तितकंसं नम्र नसतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. या लोकांच्या लेखी शहराला भाव येतो तो ते जळाल्यावर किंवा बुडाल्यावर. १८८९ चा जॉन्सटाउनचा पूर, १९०० चं गॅल्व्हेस्टनचं वादळ, यांची कार्डं पुढ्यात आली की ऑनलाइन लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली लावणाऱ्या बोटांना कंप सुटतो. हे दिसायला बरं दिसत नाही, हे कबूल. पण ही भूक मूळची त्याची नाही. अवशेष धुमसत असतानाच कॅमेरे पोचत होते, आणि परगावचे सभ्य लोक रात्रीच्या जेवणानंतर ती उद्ध्वस्त घरं त्रिमितीत बघत होते. त्यांनी बघून पेटी मिटली. हा निदान विचारतो, की मागे उभी ती भिंत कुठल्या रस्त्यावरची, आणि खालचं शीर्षक म्हणतं तेच हे गाव आहे ना. दुःखाविषयी कळवळा नसेल त्याच्यात, पण दुःखाचा पत्ता चुकू नये एवढी काळजी तो घेतो.

राहता राहिला रसिकतेचा प्रश्न. एवढं करून हा माणूस चित्र बघतो की नाही? बघतो, सगळ्यात शेवटी. नायगाऱ्याच्या कार्डांत काठावर एक टोपीवाला साहेब बऱ्याचदा उभा केलेला असतो, कारण पुढे जवळचं काही असल्याशिवाय मागची खोली कळत नाही. आजही अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेले मराठी आई-बाबा त्याच काठावर उभे राहून फोटो काढतात. हेतू वेगळा, युक्ती तीच. संग्राहक त्या साहेबाची टोपी बघतो, फॅशनवरून साल ताडतो, आणि मग त्याचा धबधबा बघून होतो. या विद्येतला मोठा अधिकारी विल्यम डॅरा याने १९७७ मध्ये 'द वर्ल्ड ऑफ स्टिरिओग्राफ्स' हा ग्रंथ लिहिला, जो या मंडळींना पोथीच्या जागी आहे. पेशाने तो जीवाश्म वनस्पतींचा अभ्यासक होता. पानाच्या ठशावरून जात ओळखणाऱ्यानेच पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावरून साल ओळखावं, यात योगायोग काही नाही. सौंदर्याची वाखाणणी करणारे कुठल्याही शतकात मुबलक मिळतात; त्याखालची तारीख बरोबर लावणारे मोजके, आणि त्यांच्याबरोबर राहणं अवघड. म्हणून या गृहस्थाचा हिशेब असा मांडावा: तो हयात आहे तोवर घरच्यांना दिवाणखाना नाही, आणि त्याच्या माघारी खोकी ग्रंथालयात पोचली, की तिथल्या कर्मचाऱ्यांना पुढची वीस वर्षं नवं काही शोधायला नको, त्याने कार्डांच्या पाठीवर काय लिहून ठेवलंय तेवढं उतरवून घेतलं की झालं.