पांढऱ्या टोपीची बाजू

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात सप्टेंबर उजाडला की दर शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर दिवे लागतात. अख्खे गाव आपापल्या संघासाठी घसा फोडायला जमते. त्या गर्दीत एक माणूस फक्त पंच बघायला आलेला असतो. ते आमचे नाना. गुण किती झाले हे त्यांना कधीच सांगता येत नाही. नियमभंगाचे पिवळे रुमाल किती पडले, कुणी टाकले आणि त्यातला कुठला उगाच पडला, हे मात्र क्रमवार सांगतील.

डोंबिवलीत नाना गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी होते. उपविधी तोंडपाठ. पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक वादात ते नियमावर बोट ठेवत आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खात. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत आले. नातू शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो म्हणून सूनबाईंनी त्यांना मैदानावर नेले. इथला फुटबॉल म्हणजे पायाने क्वचित आणि हाताने सतत खेळायचा. चिलखत घातलेली पोरे एकमेकांवर पडतात, उठतात, पुन्हा पडतात. नाना जांभया देत होते. तेवढ्यात हवेत पिवळा रुमाल उडाला. पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले पंच घोळका करून कुजबुजले, त्यांच्यातला पांढऱ्या टोपीवाला पुढे झाला, त्याने स्वतःचे मनगट पकडून दाखवले आणि सगळे मैदान त्याच्यावर ओरडले. नाना ताठ बसले. आपल्या जातीचा माणूस सात समुद्रापार भेटला होता!

मग घरात नियमपुस्तक आले. शाळांच्या खेळांचा जो राष्ट्रीय महासंघ इंडियानापोलिसला आहे, तो हे पुस्तक काढतो. जोडीला उदाहरणांचे वेगळे पुस्तक. नानांनी दोन्ही पेन्सिलीने रेघा मारून वाचली. त्यांचा खरा आनंद इथून सुरू झाला, कारण बाकीचे पालक रविवारी टीव्हीवर व्यावसायिक सामने बघून शहाणे झालेले असतात आणि शाळेचे नियम वेगळे आहेत.

समजा, चेंडू घेऊन पळणारा पोरगा घसरला आणि त्याचा गुडघा टेकला. शिट्टी वाजते. "त्याला कुणी शिवलंसुद्धा नाही!" म्हणून लोक खवळतात. व्यावसायिक खेळात कुणी शिवेपर्यंत तो उठून पळू शकतो. शाळेत गुडघा टेकला की खेळ थांबला. नाना मागे वळून हे समजावतात आणि कुणी विचारलेले नसताना अपवादही सांगतात : किकसाठी चेंडू धरून बसणाऱ्याचा गुडघा आधीच टेकलेला असतो, तरी चेंडू जिवंत. "अपवादाशिवाय नियम कसला?" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो.

त्यांचे सर्वांत आवडते प्रकरण म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवण्याचे. चार खेळ्यांत दहा यार्ड पुढे जायचे असते. समजा तिसरी खेळी, आणि मागे रेटले गेल्यामुळे अजून वीस यार्ड जायचे आहेत. बचावपटूने आडकाठी केली, रुमाल पडला. दंड पंधरा यार्ड. घरचे प्रेक्षक नव्या चार खेळ्या मिळाल्या म्हणून नाचायला लागतात आणि नाना हात वर करून म्हणतात, "नो, नो. तिसरीच. पाच बाकी." शाळांच्या पुस्तकातून ती आपोआप मिळणारी बक्षिसी 2013 साली काढून टाकली आहे. यावरून डॅलसच्या साडूंशी त्यांचे फोनवर तासभर वाजले. टेक्ससच्या शाळा महाविद्यालयीन नियमांनी खेळतात आणि तिथे नव्या चार खेळ्या मिळतात. दोघेही बरोबर होते, म्हणूनच भांडण मिटेना.

मध्यंतरात बँड मैदानावर उतरतो. नाना तेव्हा पुस्तक उघडून पहिल्या अर्ध्यातले निर्णय पडताळतात. नातवाचे ट्रम्पेट त्यांनी अजून धड ऐकलेले नाही.

सामना संपला की पंच लगबगीने गाड्यांकडे निघतात. दिवसभर आपापली नोकरी करून आलेली माणसे. मिळणारे मानधन बेताचे आणि आयाबापांची बोलणी भरपूर. नवे पंच मिळत नाहीत अशी ओरड अमेरिकाभर आहे, त्यात नवल ते काय? नाना अभिनंदन करायला त्यांच्यामागे धावतात. हातात नियमपुस्तक घेऊन धावत येणारा म्हातारा पाहून पंच आणखी जोरात चालू लागतात.

अखेर यंदा साखळीवाल्यांत एक माणूस कमी पडला. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. ती धरायला बहुधा यजमान शाळेचीच माणसे असतात आणि त्यांनी कुणाच्याही बाजूने ओरडायचे नाही असा दंडक आहे. नानांना हे जमायला कष्ट पडले नाहीत. साखळी असते मैदानाच्या पलीकडे, पाहुण्या संघाच्या पुढ्यात. शेवटची दोन मिनिटे, आमच्या शाळेची चौथी खेळी, मोजणी मागितली गेली. नाना काठी घेऊन मध्यात गेले, साखळी ताणली. चेंडू चार बोटे अलीकडे. आमच्या बाजूने हाय खाल्ली. नाना मात्र त्या चार बोटांकडे असे बघत होते, जणू ती त्यांनीच घडवली आहेत. सूनबाईंनी फोनमध्ये डोके घातले.

पाहुण्यांकडच्या एका गृहस्थाने खूश होऊन नानांपुढे गरम चॉकलेटचा पेला धरला. नानांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मान हलवली. "ड्यूटीवर काही घेत नाही. घड्याळ संपल्यावर विचारा. साखर कमी."