बघतोय

भाऊ गेली एकतीस वर्षं जागा बघताहेत. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे घर बघत नाहीत, जागा बघतात. घर गावाला असतं, कोकणात, भावकीत अडकलेलं. इथे असते ती जागा; आणि ती मिळेपर्यंत माणूस जिथे दिवस काढतो तीही जागाच. भाऊंची सध्याची जागा गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, पागडीची. १८० चौरस फूट. मोरी आत, बाकीचं गॅलरीच्या टोकाला.

रविवारी सकाळी भाऊ शबनम भरतात. तिच्यात स्टीलची टेप, होकायंत्र, डायरी आणि एक काचेची गोटी. ही गोटी फरशीवर ठेवायची आणि सोडून द्यायची. ती घरंगळत मोरीकडे गेली तर बांधकाम बरं, दिवाणखान्याकडे आली तर बिल्डरला नमस्कार करून निघायचं. या गोटीने आजवर दहिसर, मुलुंड, नेरूळ आणि विरार नापास केलेलं आहे.

एकदा मीही सोबत गेलो होतो, घोडबंदर रोडला सँपल फ्लॅट बघायला. गुलाबी भिंती, खोटी फुलं, एसी. सेल्सवाली मुलगी 'सर, मास्टर बेडरूम' म्हणाली आणि भाऊ चपला काढून सरळ पलंगावर आडवे झाले. नडगीपासून पाय बाहेर! मग तसेच पडल्या पडल्या त्यांनी टेप मागितली. पलंग भरला पाच फूट एक इंच.

"बाळ, हा मास्टर बालवाडीतला का?"

ती हसली. भाऊ उठून चौकटीपाशी गेले. "आणि दार कुठाय?"

"सर, सँपलमध्ये दार नसतं."

"असणारच नाही. लावलं तर पलंगाला आपटेल."

"स्टेशन इथून फक्त दहा मिनिटं, सर."

"रात्री तीनला ना? सकाळी साडेआठला किती?"

त्या मुलीची मला दया आली. पण भाऊंचं खरं काम त्यानंतर, गेटाबाहेर सुरू होतं. बिल्डर आणि एजंट यांची साक्ष ते धरतच नाहीत. त्यांचे साक्षीदार तीन: वॉचमन, किराणावाला आणि इस्त्रीवाला. वॉचमनला टँकर दिवसाला किती येतात ते माहीत. सोसायटीतल्या किती लोकांची उधारी थकलीय ते किराणावाल्याला. आणि इस्त्रीवाल्याला कोण कधी जागा सोडणार ते खुद्द घरमालकाच्या आधी कळतं. भाऊ एक चहा पाजतात आणि अर्ध्या तासात अख्ख्या कॉम्प्लेक्सची कुंडली घेऊन परततात. हे शास्त्र मला तरी बिनतोड वाटतं. अडचण एवढीच, की इतकं कळल्यावर कुठलीच जागा घ्यावीशी वाटत नाही.

भाऊंची डायरी हा वेगळाच ऐवज आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या सुरू झाल्याबरोबर लोक आपापल्या माणसांना भेटायला धावले. भाऊ टेप घेऊन कुर्ला आणि कलिना गाठून भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा मोजत हिंडले. कुठल्या गल्लीत गुडघा, कुठे छाती, सगळं फूट-इंचात लिहिलेलं आहे. 'जागा बघायची तर पावसाळ्यात,' असं ते बजावतात. 'उन्हाळ्यात काय, सगळ्याच भिंती कोरड्या.'

२०१७ साली मात्र त्यांच्यावर आघात झाला. रेरा आला, आणि जागा कार्पेटवरच विकायची असा नियम झाला. तोवर बिल्टअप, सुपर बिल्टअप यांत जिना, लिफ्ट आणि बिल्डरच्या मनातली बाग धरून काय काय मोजलं जायचं, आणि भाऊ ते एकेक चौरस फूट भांडून खाली आणायचे. "आता बोलायचं काय?" ते खिन्नपणे म्हणाले.

तरी खरा अडसर फुटांचा नव्हे, लाइनीचा. मुंबईत लग्नाला हल्ली जात आडवी येत नाही, पण लाइन येते. भाऊ चर्नी रोडचे, म्हणजे जन्माने वेस्टर्न. वहिनींचं माहेर डोंबिवली. "फडके रोडच्या मागे तेव्हाच दोन खोल्या घेतल्या असत्या तर!" हे वहिनींचं पालुपद. "आधी नऊच्या फास्टला डब्यात शिरून दाखव," हे भाऊंचं. मध्यंतरी तह म्हणून बदलापूर निघालं. गाडी तिथूनच सुटते, म्हणजे खिडकी नक्की. सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर खिडकी! भाऊ चांगलेच विरघळले होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण रिटायर झालोय.

अटल सेतू झाल्यापासून उलवे चालू आहे. २१.८ किलोमीटरचा पूल, गाडीला एका फेरीचे २५० रुपये, महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांचे किती, हा हिशेब भाऊंनी मांडलाय. त्यांच्याकडे सायकलही नाही.

आणि गेल्या वर्षी चाळच रिडेव्हलपमेंटला गेली. नवी जागा तिथेच, आठव्या मजल्यावर; बघायची सोयच नाही, जी येईल ती. तोपर्यंत भाडं बिल्डर देणार, जागा आपली आपण शोधायची. अख्खी चाळ भाऊंच्या खोलीत जमली. भाऊंनी डायरी उघडली. एकाला बोरिवली, एकाला नेरूळ, दोघा भावांना एकाच मजल्यावर विरार. कुणाला कुठे पाणी, कुठे शाळा, कुठला इस्त्रीवाला गाठायचा, सगळं सांगितलं. पंधरा दिवसांत चाळ रिकामी झाली. वहिनी कंटाळून डोंबिवलीला भावाकडे गेल्या.

आता दुसऱ्या मजल्यावर एकच दिवा असतो. वरचे पत्रे उतरवून झालेत, खालच्या खोल्यांच्या खिडक्या निघाल्यात. मुकादम रोज सकाळी चौकात उभा राहून वर बघत हाक मारतो.

"काका, मिळाली का जागा?"

भाऊ गॅलरीत येतात. कठड्याला आता उतार आलाय. ते त्यावर गोटी ठेवून बघतात.

"बघतोय."