चिवड्याचं वजन

“पंचवीस,” मी म्हणालो.

“शे?” काकूंनी विचारलं.

विचारण्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. वेबसाइट ही साधारण मिक्सरच्या आसपासची वस्तू असावी असा त्यांचा प्रामाणिक समज होता. मी घाईघाईनं “हजार” म्हणालो, पण आवाज असा काही खाली गेला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मुलगा उसने मागायला आलाय.

घरून निघताना हा आकडा बेचाळीस हजार होता. साठ तास, तासाला सातशे. कागदावर मांडून, दोनदा ताळा करून, आरशासमोर म्हणूनही पाहिला होता. पण सदाशिव पेठेतल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर भाजणीचा खमंग वास आला, तिथे मी चाळीस केले. दुसऱ्यावर आठवलं, की आई ऑफिसात असताना याच काकूंनी मला वरणभात भरवलाय. पस्तीस. दारात त्या “अरे, किती वाळलास!” म्हणाल्या. तीस. मग कॉफी आली, सोबत बशीत दोन अनारसे. पंचवीस. तिसरा घेतला असता तर मीच त्यांना काहीतरी देऊन उठलो असतो.

काकू म्हणजे आईच्या भिशीतल्या. दिवाळीचा फराळ करून विकतात, आणि गेली काही वर्षं त्यातला निम्मा परदेशी जातो. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात. न्यू जर्सीहून कुणीतरी “काकू, नेहमीचं पाठवा” एवढंच लिहितं. नेहमीचं म्हणजे काय, हे फक्त काकूंना आणि देवाला ठाऊक. त्यातून दोनदा घोटाळा झाला, एका घरी नुसते शंकरपाळे पोचले, तेव्हा वेबसाइटचं ठरलं.

“पण माझा भाचा म्हणत होता, ते वर्डप्रेस फुकट असतं म्हणून.”

प्रत्येक लहान व्यवसायाला एक भाचा असतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो. त्यानं स्वतः एकही वेबसाइट पुरी केलेली नसते, पण ती किती सोपी असते हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि वाईट म्हणजे तो खरं बोलतो. वर्डप्रेस २००३ पासून फुकटच आहे. त्यावर दुकान मांडायचं वूकॉमर्सही फुकट, कुलपाचं चिन्ह दाखवणारं प्रमाणपत्रही आता फुकट मिळतं. मी नुसताच “हो, तसं…” म्हणून थांबलो. खरं उत्तर सुचलं ते जिना उतरताना: कढीपत्ता भाजीवाला फुकट देतो, म्हणून चिवडा फुकट होतो का, काकू?

अर्धे आगाऊ मिळाले, साडेबारा हजार. पावती वाचताना काकूंनी चष्मा पुसला. “यात जीएसटी नाही?”

“वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर लागत नाही, काकू.”

“किती आत?”

मी अनारशाकडे पाहिलं.

कामाला लागलो. पदार्थांची यादी मराठीतच हवी होती, आणि ती तयारच होती: छापखान्यानं पत्रकासाठी केलेली फाइल. उघडली तर जुन्या श्रीलिपीत. छापण्यापुरती ती अक्षरं झकास दिसतात, पण उचलून वेबसाइटवर ठेवली की फॉन्ट मागेच राहतो. चकलीच्या जागी डॉलरचं चिन्ह, अर्धा कंस आणि डोक्यावर टोपी घातलेला रोमन ए उमटतो. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, त्यांनी बरंचसं काम केलंही. राहिलं ते ‘कडबोळी’ आणि ‘चिरोटे’, ज्यांचं रूपांतर वाचून एखाद्याला पोलिसांत जावंसं वाटलं असतं. शेवटी एकोणचाळीस पदार्थ मीच बसून टाइप केले. साठ तासांत हे नव्हतं.

फोटोही नव्हते. काकूंनी पाठवलेल्या चकलीच्या फोटोत चकली छान होती, पण मागे गॅसचा सिलिंडर आणि काकांचा अर्धा बनियन होता. व्हॉट्सअॅपनं तो फोटो इतका आवळला होता की मोठा केल्यावर चकलीचे काटे आणि बनियनची वीण एकसारखी दिसायला लागली. मी पांढरा ताव घेऊन गेलो आणि फराळाचे फोटो काढत दुपारभर गच्चीवर बसलो. तेही साठात नव्हतं.

फोन तर धरलेच नव्हते. सकाळी सहा चाळीसला पहिला. “झोपला नव्हतास ना? ते बटण जरा कुंकवाच्या रंगाचं कर.” केलं. दुपारी: “कुंकू नको रे, भडक दिसतं. हळदीचं कर.” संध्याकाळी भाच्याचा: “दादा, बटण वाचता येत नाहीये.”

ऑनलाइन पैशांचा भाग मी फार जपून समजावला. पैसे स्वीकारणारी कंपनी दोन टक्के घेते, वर त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे हजारामागे तेवीस रुपये साठ पैसे जातात. मला वाटलं, आता वाद होणार. काकूंनी क्षणभर छताकडे पाहिलं. “मग हजाराचा डबा एक हजार पंचवीस लाव.” संपलं. मी जिन्यात सतरा हजार गमावले होते, आणि या बाईनं तेवीस रुपयेसुद्धा अंगावर घेतले नाहीत.

पण खरी शिकवणी झाली ती कुरिअरचा दर बसवताना. मी वजनाप्रमाणे गणित मांडलं होतं. काकूंनी ते पाहून मान हलवली आणि आतून पुठ्ठ्याचं खोकं आणलं, शिवणाची टेप लावली. चाळीस बाय तीस बाय तीस. “गुणून पाच हजारानं भाग.” आलं सात पूर्णांक दोन. “यात चिवडा भरला तर काट्यावर साडेतीन किलोही भरत नाही. पण कुरिअरवाला पैसे सात किलो दोनशेचे घेतो. वजन कमी असलं तरी विमानातली जागा अडते ना! त्याला व्हॉल्युमेट्रिक म्हणतात.” हा शब्द त्यांनी ‘साबुदाणा’ म्हणावं इतक्या सहज म्हटला. “म्हणून मी चिवड्याच्या फटीत बेसनाचे लाडू बसवते. लाडू जागा खात नाही.”

त्या रात्री मी माझा हिशोब पुन्हा मांडला. नुसतं कोड लिहायला लागले होते अठ्ठावीस तास. तो लाडू. बाकी सगळा चिवडा: कुंकू, हळद, भाचा, सिलिंडर, टोपीवाला ए. काट्यावर काही नाही, पण महिनाभर डोक्यातली सगळी जागा त्यानंच अडवलेली.

काकूंच्या वहीत चकलीचं एक पान आहे. भाजणी, तेल, गॅस, बायकांची मजुरी, आणि खाली लाल शाईत: ‘शेकडा आठ मोड’. तळताना, भरताना मोडणाऱ्या चकल्यांची किंमत सगळ्या शाबूत चकल्यांवर वाटलेली. “तू मोड किती धरलास?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “मी स्वतःच मोडलो, काकू.” त्या हसल्या नाहीत. धंद्याच्या गोष्टीत त्या हसत नाहीत.

वेबसाइट वेळेत चालू झाली. पाडव्याला उरलेले पैसे पाकिटात मिळाले, बारा हजार पाचशे एक. वरचा एक रुपया आहेराचा.

मग काकूंनी विचारलं, “आता वर्षभर हे सांभाळायला किती घेशील?”

मी शहाणा झालो होतो. तिथे काही बोललो नाही. घरी आलो, अनारशांपासून तीन किलोमीटर लांब बसलो, फोन धरले, भाचा धरला, शेकडा आठ मोड धरला. आठ हजार झाले. जिना मध्ये यायच्या आत व्हॉट्सअॅपवर पाठवून टाकले. छाती धडधडत होती.

लगेच दोन निळ्या खुणा. लगेच उत्तर: “बरं.”

नुसतं ‘बरं’. ना ‘शे?’, ना भाचा, ना घासाघीस. त्या एका शब्दाकडे मी जेवणापर्यंत बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात आई भिशीहून आली. चपला काढता काढता म्हणाली, “तुझं कौतुक करत होती हो. म्हणाली, गुणी मुलगा आहे, मी बारा धरून ठेवले होते.”